मायेचा मोबदला नव्हे

पोरके मूल सांभाळणाऱ्याने त्यासाठी पैसे घ्यावेत काय, हा प्रश्न आपल्यात कोणी उघडपणे विचारीत नाही. पण तो मनात असतोच. दत्तक घेणाऱ्याचे आपण कौतुक करतो. सरकारी अनुदान घेऊन मूल वाढविणाऱ्याकडे मात्र किंचित संशयाने पाहतो. माया आणि पैसा एका घरात नांदत नाहीत, अशी आपली समजूत आहे.

राजापेठेत आमच्या मागच्या गल्लीत एक आजी राहतात. मुलगी व जावई दोघेही गेल्यावर दोन नातवंडे त्यांच्या पदरात आली. चार घरची धुणीभांडी करून त्या त्यांना शिकवितात. बाल संगोपन योजनेसाठी अर्ज करा, असे मी सुचविले तेव्हा त्या दुखावल्या. म्हणाल्या, "बाई, पोरं आपलीच हायेत, मंग त्याईचे पैसे कायले घ्याचे?"

या उत्तरात मोठा स्वाभिमान होता. परंतु त्याची किंमत मुले मोजत होती. थोरली नात धाकट्याच्या जुन्या वह्यांतील कोरी पाने फाडून त्यांवर गणिते सोडवीत असे.

मूल बालगृहात न जाता कुटुंबातच वाढावे, हा या योजनेचा हेतू आहे. अनाथ मुले, एकच पालक उरलेली मुले, आईबाप दुर्धर आजाराने खिळलेली किंवा तुरुंगात असलेली मुले, अशांना वयाच्या १८ वर्षांपर्यंत तिचा आधार मिळू शकतो. अर्ज महिला व बाल विकास कार्यालयात द्यावयाचा. घरची चौकशी होते आणि बाल कल्याण समिती आदेश देते. अनेक वर्षे ही मदत दरमहा अवघी ४२५ रुपये होती. २०२१ साली ती १,१०० आणि २०२३ साली २,२५० रुपये झाली. योजनेला सावित्रीबाई फुले यांचे नावही त्याच वर्षी देण्यात आले. केंद्राच्या 'मिशन वात्सल्य'मध्ये २०२२ पासून पात्र मुलांसाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे.

२,२५० रुपये म्हणजे दिवसाला ७५ रुपये. एवढ्यात माया विकत मिळत नाही. दूध, वह्या आणि औषध कसेबसे येते. तेच मूल बालगृहात असते तर इमारत, स्वयंपाकी, काळजीवाहक या सर्वांचा खर्च निघालाच असता, आणि पगार घेणाऱ्या काळजीवाहकाला कोणी मायेचा व्यापारी म्हटले नसते. मग आजीनेच का लाजावे? पैशासाठी मूल ठेवणारेही असतील. म्हणून तर चौकशी हवी, समितीची देखरेख हवी. परंतु त्या भीतीपोटी प्रामाणिक घराचा हात रिकामा ठेवणे हा न्याय नव्हे.

नाझरेथच्या घरात संत योसेफ जन्मदाता नव्हता, पालक होता. त्याचे प्रेम सुतारकामाच्या घामातून रोज भाकरी होऊन ताटात येत होते. प्रेमाला पीठ लागते, हे त्या घराला ठाऊक होते.

आजी अखेर तयार झाल्या त्या एका वाक्याने: हे पैसे तुमचे नाहीत, मुलांचे आहेत. पुढे जावयाचा मृत्यूचा दाखला दुसऱ्या जिल्ह्यातून आणावा लागला, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तीन खेपा झाल्या, रोजी बुडाली. मंजुरीनंतरही रक्कम दरमहा वेळेवर येतेच असे नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईने हे सारे एकटीने कसे निभवावे?

वऱ्हाडात शेतकरी आत्महत्यांनी आणि २०२०-२१ च्या करोनाने कितीतरी घरांतून कर्ता माणूस नेला. त्यांची मुले आज आजीकडे, मामाकडे, मावशीकडे वाढत आहेत. काही आपल्याच धर्मग्रामात आहेत. नाताळात त्यांना कपडे देऊन आपण समाधान मानतो. त्याऐवजी प्रत्येक धर्मग्रामातील दोन सुशिक्षितांनी अर्ज भरून देण्याचे, कचेरीत सोबत जाण्याचे आणि हप्ता थकला तर विचारणा करण्याचे काम अंगावर घेतले, तर त्या कुटुंबांना वर्षभर उपयोग होईल. आणि पालक दारी आला, तर "किती मिळतात?" असे न विचारता "मिळतात ना वेळेवर?" असे विचारावे.