ज्यांचे वडील वारले त्यांनी उभं राहा

मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. दिवसभर, नाहीतर रातभर, तुटलेले धागे जोडायचे. यावरून कविता सुचते, पण ती इथं नको. शिक्षण दहावी. पुढचं जे काही वाचलं ते पाळी सुटल्यावर, नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, डोळ्यांत झोप घेऊन. हे आधीच सांगून टाकतो, कारण पोरांच्या मनाबद्दल लिहायला बसलोय आणि तुमच्यातला एखादा बी.ए. झालेला दोस्त विचारील, तू कोण? मी एका पोराचा मामा आहे. तेवढाच माझा अधिकार.

दाजी १७ एप्रिल २०२१ ला गेले. त्या महिन्यात नाशकात काय चाललं होतं ते आठवत असेल. २१ तारखेला झाकीर हुसेन हॉस्पिटलात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि २२ माणसं श्वासासाठी तडफडून गेली. आमचे दाजी तिथले नव्हते, दुसरीकडं होते आणि चार दिवस आधीच संपले होते. पण ती बातमी लागली तेव्हा आक्कानं उठून टीव्हीची पिनच उपटली. भाचा सात वर्षांचा. तो म्हणाला, "लाव ना आई." त्याला काहीच ठाऊक नव्हतं. त्याला सांगितलं होतं, बाबा गावाला गेलेत.

कुणी सांगितलं? मीच सांगितलं. जयंतीला माईक धरून सत्य, विवेक, बुद्धाचा मार्ग असं बोलणारा मी, सात वर्षांच्या पोरापुढं सपशेल खोटं बोललो. प्रेत घरी आलं नव्हतं. प्लास्टिकात गुंडाळलेलं, अमरधामला रांग, आत मोजकीच माणसं. पोरानं बापाचं तोंड बघितलं नाही. मग त्यानं आमचं का ऐकू नये?

दाजी रिक्षा चालवायचे. घरात स्मार्टफोन एकच, त्यांचा. शाळा त्या वर्षी फोनवर होती. फोन त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेला आणि चपला नि चार्जरसोबत पिशवीत परत आला. जूनमध्ये पुन्हा फोनवरची शाळा सुरू झाली. वर्गाच्या ग्रुपवर सकाळी हजेरी. नंबरापुढं फोटो दाजींचा, रिक्षाला टेकून उभे असलेले. आणि त्या नंबरावरून पोरगं रोज टाकायचं, 'हजर'.

एक दिवस त्यानं मला विचारलं, "मामा, बाबा गावाला गेले तर फोन इथंच कसा ऱ्हायला?"

मला उत्तर आलं नाही. उत्तर दिलं माझ्या आईनं. ती अंगठाछाप. भाकरी थापता थापता म्हणाली, "तुझा बाप मेला रं सोन्या. आजारी व्हता. लई विलाज केला. आता परत येणार न्हाई." पोरानं ऐकून घेतलं. विचारलं, "मंग रिक्षा कोण चालवणार?" आणि बाहेर गोट्या खेळायला गेला. मला राग आला. बाप मेल्याचं कळल्यावर पोरगं खेळायला जातं? पुढं वाचनालयात एका पुस्तकात कळलं की लहान पोराचं दुःख असंच असतं. घोटभर पितं, पळून जातं, पुन्हा येतं. मोठ्या माणसासारखं ते दहा दिवस एका जागी बसत नाही. आणि 'गावाला गेला', 'झोपला', 'देवाघरी गेला' हे सगळ्यात वाईट, कारण पोरगं शब्दाला शब्द धरतं. मग ते झोपायला भितं, नाहीतर वाट बघत बसतं. म्हातारीला हे पुस्तकाशिवाय माहीत होतं.

डिसेंबर २०२१ मध्ये शहरात लहान पोरांच्या शाळा उघडल्या, जानेवारीत परत बंद, २४ जानेवारीपासून परत चालू. भाचा दुसरीत. त्याच जानेवारीत राष्ट्रीय बालहक्क आयोगानं सुप्रीम कोर्टात आकडा दिला होता. एप्रिल २०२० पासून देशात आई, बाप किंवा दोन्ही गमावलेली, नाहीतर टाकून दिलेली पोरं १,४७,४९२. त्यात एकच पालक गेलेली १,३६,९१०. केंद्राची दहा लाखांची योजना ज्याला कुणीच उरलं नाही त्याला. ज्याचा एक पालक उरला त्यानं बालसंगोपन योजनेचा फॉर्म भरायचा, मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड जोडायचा. म्हणजे शाळेला यादी करणं भाग होतं. यादी करावीच. आक्काला ते पैसे मिळाले पाहिजेत, ते भीक नाहीत. माझं भांडण यादीशी नाही.

शाळेचं नाव लिहीत नाही. वर्गात कुणीतरी कागद घेऊन आलं आणि म्हणालं, "ज्यांचे वडील वारले त्यांनी उभं राहा."

तिघांनी उभं राहायचं होतं. दोघं उठले. भाचा उठला नाही. शेजारचा म्हणाला, "ए, ऊठ ना, तुझा बाप मेलाय ना?" यानं पाण्याची बाटली उचलून त्याच्या तोंडावर हाणली. ओठ फाटला.

मला बोलावणं आलं. रातपाळी करून तसाच गेलो, अंगावर कापसाची तूस. "मुलगा आक्रमक झालाय, घरी लक्ष द्या," असं काहीसं ते सांगत होते, पण मला दुसरंच ऐकू येत होतं. मला माझी चौथी आठवत होती. असाच कागद, असाच आवाज. "एस.सी.वाले उभे राहा." आम्ही पाच जण उभे. बाकीची पोरं वळून बघणार. स्कॉलरशिपच्या त्या पैशातून वह्या आल्या, हे खरं. त्या वह्यांवरच मी पहिल्या कविता लिहिल्या, हेही खरं. पण उभं राहताना पोटात जो खड्डा पडायचा तो अजून बुजलेला नाही.

मी भडकलो. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७, मुलाला मारायचं नाही आणि मानसिक छळही करायचा नाही, सगळं धडाधड म्हणून दाखवलं. समोरचे वरमले. मी छाती काढून बाहेर आलो. भाचा दाराबाहेर भिंतीला चिकटून उभा. सगळं ऐकलं होतं त्यानं.

"मामा, आता मला शाळेतून काढतील?"

दोस्तांनो, मी भांडण जिंकलो होतो आणि पोरगं हरलं होतं. त्यानंतर दर सोमवारी पोट दुखायला लागलं. रात्री अंथरूण ओलं. मी म्हणायचो, नाटकं करू ऱ्हायला. तीही नाटकं नव्हती. दुखतं ते खरंच दुखतं. आणि एक दिवस झोपेत म्हणाला, "मी बाबांचा फोन मागितला म्हणून." त्याचं गणित असं होतं की दवाखान्यात जाताना यानं गेम खेळायला फोन मागून हट्ट केला, बाप चिडला, म्हणून बाप मेला. त्या वयाची पोरं असं गणित मांडतात आणि कुणाला दाखवत नाहीत. नऊ महिने तो हे घेऊन शाळेत जात होता. त्याला विचारायला कुणाकडं वेळ होता? माझ्याकडं कलम १७ होतं.

आता जे सांगायचं ते सांगतो. त्याला लाज वाटते म्हणून इतकं लांबवलं.

२०२२ ची जयंती. दोन वर्षांनी धूमधडाक्यात होणार होती. मी ठरवलं, भाच्याला भाषणाला उभं करायचं. भाषण मीच लिहिलं. पहिलं वाक्य, 'माझ्या बापाला रोगानं नाही, व्यवस्थेनं मारलं.' आठ दिवस पाठ करून घेतलं. वाक्य खोटं नव्हतं. आजही मी त्याच्यावर सही करीन. पण ते माझं होतं.

१४ एप्रिलला तो स्टेजवर गेला. निळा शर्ट, केस तेल लावून चापून बसवलेले. "जयभीम," म्हणाला. "माझ्या बापाला," म्हणाला, आणि थांबला. समोर दोनतीनशे माणसं. थांबला तो थांबलाच. आणि माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, पोराचा कंठ दाटला. कुणीतरी घोषणा दिली. मला स्टेजच्या बाजूनं दिसत होतं, त्याच्या चड्डीतून पाणी पायावर उतरत होतं.

घरी आल्यावर आक्का एक शब्द बोलली नाही. तो रात्री म्हणाला, "मामा, टाळ्या का वाजवल्या?"

तीन दिवसांनी दाजींचं वर्ष होतं. आठ दिवस तालीम घेताना ती तारीख माझ्या डोक्यातसुद्धा नव्हती.

म्हणून माझं भांडण आता शाळेशी अर्धं आणि स्वतःशी अर्धं आहे. 'उभं राहा' म्हणणारा तो कागदवाला आणि मी, फरक काय? त्याला रकाना भरायचा होता, मला सभा. कुठं अत्याचार झाला की आपण जातो. जायलाच पाहिजे. पण फोटो काढताना म्हातारीच्या मांडीवरचं पोरगं पुढं घेतो. मी घेतलंय. २०१४ च्या २८ एप्रिलला खर्ड्यात सतरा वर्षांच्या आपल्या पोराचा खून झाला. मारहाण शाळेपासून सुरू झाली अशी फिर्याद होती. २०१७ मध्ये नगरच्या कोर्टातून आरोपी सुटले. दोन्ही वेळेला आपण पेटून उठलो. त्याच्या बाकाशेजारी बसणारी पोरं दुसऱ्या दिवशी कशी जगली, याबद्दल माझ्या हाती आलेल्या एकाही पत्रकात एक ओळ नव्हती.

बाबासाहेबांचंच बघा. साताऱ्याच्या शाळेत ते घरून गोणपाट न्यायचे, शिपायानं वरून ओतलं तरच पाणी मिळायचं, हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. मीही सांगतो. पण भीमाबाई गेल्या तेव्हा भिवा जेमतेम पाच-सहा वर्षांचा होता. त्या गोणपाटावर बसलेलं पोरगं बिनआईचं होतं. त्याला मीराआत्यानं सांभाळलं. हे आपल्या भाषणात येत नाही, कारण त्यावर घोषणा बसत नाही.

आणि मुक्ता साळवे. १८५५ साली, जोतिबा-सावित्रीच्या शाळेतली चौदा वर्षांची मुलगी, मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिते आणि तो 'ज्ञानोदया'त छापून येतो. मी भाच्याला मुक्ताच्याच वाटेनं नेतोय असं मला वाटत होतं. पण मुक्ताचे शब्द मुक्ताचे होते. शाळेनं तिला अक्षर दिलं, वाक्य तिनं केलं. मी उलटं केलं. वाक्य देऊन टाकलं आणि म्हणालो, बोल.

तिसरीत नव्या बाई आल्या. आपल्यातल्या नव्हेत, चळवळीतल्याही नव्हेत. त्यांनी काही थोर केलं नाही. पहिल्या दिवशी वर्ग भरायच्या आधी त्याला बोलावून म्हणाल्या, "तुझे बाबा गेले ते मला माहीत आहे. वर्गात मी तो विषय काढणार नाही. तुला काढावासा वाटला तर काढ." नळाजवळ जाऊन उभं राहावंसं वाटलं तर न विचारता जायची परवानगी दिली. पाच मिनिटांनी परत यायचं. डस्टर धुवायचं काम त्याच्याकडं दिलं. गृहपाठ केला नाही की सगळ्यांसारखंच बोलायच्या. म्हणजे त्याची कीव केली नाही. शाळा म्हणजे रोज त्याच वेळेला तीच घंटा, तोच बाक, तीच बाई. ज्याचं घर एका आठवड्यात उलटंपालटं झालं त्याला तेवढंही पुष्कळ असतं.

दाखल्यावर बापाचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा बाईंनी त्यालाच विचारलं, आधी 'कै.' लावू का? त्यानं घरी येऊन मला विचारलं. मला चेव आला. कैलास कुठला आपला? आपण 'कालकथित' लिहितो, असं सांग. दुसऱ्या दिवशी तो बाईंना म्हणाला, "काहीच नको. नुसतं नाव." बाईंनी नुसतं नाव लिहिलं.

फोनच्या हट्टाचं गणित सोडवायला मात्र वर्ष गेलं. आक्कानं सोडवलं, मी नाही. ती त्याला परत परत सांगायची, "तू फोन मागितलास, बाबा रागावले, पाच मिनिटांत हसले. आजार त्याच्या आधीच आला होता." शंभरदा सांगितलं असेल. एकदा सांगून पोराच्या डोक्यातून असं जात नाही.

विहारात आम्ही संध्याकाळी अभ्यासिका चालवतो. तिथं आता अशी पाच पोरं आहेत. कुणाचा बाप गटारात उतरून गेला, कुणाची आई जळून. एक वही ठेवलीय, त्यात कुणाचं माणूस कोणत्या तारखेला गेलं ते लिहिलंय. त्या आठवड्यात त्या पोराला गाणं, भाषण, स्पर्धा, काही नाही. कुणाचं जास्तच बिघडलं तर १०९८ आणि १४४१६ हे दोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर आहेत. दोनदा लावावे लागले. पोरं एकमेकांना काही विचारत नाहीत. एकत्र बसतात, पेन्सिली चोरतात, मारामारी करतात. किसागोतमीची गोष्ट सांगावी असं मला फार वाटायचं. मग लक्षात आलं की तथागतानं तिला प्रवचन दिलं नव्हतं. मोहरी आणायला पाठवलं होतं. दारोदार ती स्वतः फिरली.

तिसरीच्या दुसऱ्या सहामाहीत निबंध होता, 'माझे बाबा'. हा विषय दरवर्षी असतोच. बाईंनी आदल्या दिवशी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, उद्या हा विषय आहे, तुला 'माझी आजी' लिहायची असेल तर चालेल. तो म्हणाला, बाबा लिहितो. वही मी पाहिली. चारच ओळी. बाबा रिक्षा चालवायचे. मला पुढं शेजारी बसवायचे. पोलिस दिसला की म्हणायचे खाली वाक. मी वाकायचो.

खाली बाईंचं 'छान' नाही, 'शाब्बास' नाही. दहापैकी सहा. आणि 'पोलिस'वर लाल गोल.

तो रागानं फणफणत होता. "मामा, एका वेलांटीसाठी मार्क कापले."

"मग बरोबर कसं लिहायचं?"

"दुसरी वेलांटी," म्हणाला, आणि चप्पल शोधायला लागला. बाहेर पोरं गोट्या मांडून थांबली होती.