सुरतेचा हिरा : खाणीतला की यंत्रातला?

भुसावळहून सुरतेकडे जाणारी गाडी अमळनेर, नंदुरबार मागे टाकून नवापूरला येते. हे स्थानक निम्मे महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातेत. पुढे व्यारा, बारडोली आणि मग उधना. उधन्याला उतरणाऱ्यांत खानदेशातली माणसे पुष्कळ असतात. उधना, लिंबायत भागात मराठी आणि अहिराणी कानावर पडत राहते. आपली ही माणसे लूमवर, साडीच्या मिलमध्ये, बांधकामावर राबतात. पण ज्या मालाने सुरतेचे नाव जगभर गेले तो हिऱ्याचा माल पाहायचा तर तापीच्या काठाने कतारगाम, वराछा आणि जुन्या शहरातल्या महिधरपुऱ्याकडे जावे लागते.

हल्ली आपल्याही घरांत लग्न ठरले की मुलामुलींच्या तोंडी हिऱ्याची अंगठी येते. सराफाच्या दुकानात दोन प्रकार समोर ठेवले जातात. एक खाणीतला, दुसरा कारखान्यात तयार केलेला. दोन्ही सारखेच चमकतात, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. मग घ्यावा तरी कोणता? या प्रश्नाचे उत्तर शोधायला सुरतेसारखे दुसरे गाव नाही. कारण येथे दोन्ही हिऱ्यांना पैलू पडतात.

घंटीवरचे हात

जगात पैलू पडणाऱ्या दर दहा हिऱ्यांपैकी सुमारे नऊ सुरत आणि तिच्या आसपास घडतात असे सांगितले जाते. कारखान्यात फिरत्या चाकाला 'घंटी' म्हणतात. तिच्याभोवती कारागीर बसतात. चाकावर तेलात कालवलेली हिऱ्याचीच भुकटी असते, कारण हिरा घासायला हिराच लागतो. गोल हिऱ्याला सत्तावन्न पैलू पडतात. एकजण वरची बाजू करतो, दुसरा खालची. दर थोड्या वेळाने कारागीर खडा उचलून भिंगातून पाहतो आणि पुन्हा चाकाला लावतो. हा खडा कधी मिरीएवढा, तर कधी तिळापेक्षाही बारीक.

या कारागिरांना येथे 'रत्नकलाकार' म्हणतात. नाव मोठे आहे, पण बहुतेकांना मजुरी नगावर मिळते. माल आला तर काम, नाही तर हात रिकामे. त्यांतले बरेचसे भावनगर, अमरेलीकडून आलेले काठियावाडी.

महिधरपुऱ्याचा बाजार तर रस्त्यावरच भरतो. दलाल उभ्या-उभ्या किंवा स्कूटरच्या सीटवर कागदाची पुडी उघडतात, चिमट्याने खडा धरतात आणि भाव बोलतात. लाखोंचा माल शर्टाच्या खिशातून फिरतो. त्याच सुरतेत खजोदला डिसेंबर 2023 मध्ये चार हजारांहून अधिक कार्यालये मावतील एवढे भव्य हिरे-बाजार संकुल उघडले. पण बाजाराची नाडी पाहायची तर जुन्या गल्लीतच पाहावी.

दोन हिऱ्यांचा जन्म

खाणीतला हिरा जमिनीखाली सुमारे दीडशे किलोमीटरवर, प्रचंड उष्णतेत आणि दाबाखाली तयार झाला. बहुतेक हिऱ्यांचे वय शंभर कोटी वर्षांहून जास्त आहे. ज्वालामुखीच्या वाटेने ते वर आले. अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत जगाला हिरे मुख्यतः भारतातूनच मिळत. कृष्णेकाठची कोल्लूरची खाण त्यासाठी प्रसिद्ध होती. मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात आजही मजूर सरकारी पट्टा घेऊन जमीन खणतात. सापडलेला हिरा सरकारी कार्यालयात जमा होतो, त्याचा लिलाव होतो आणि रॉयल्टी कापून बाकीची रक्कम सापडवणाऱ्याला मिळते.

कारखान्यातला हिरा ही नक्कल नव्हे, हे आधी नीट ध्यानात घ्यावे. अमेरिकन डायमंड म्हणून मिळणारा खडा वेगळ्याच पदार्थाचा असतो. कारखान्यातला हिरा मात्र खाणीतल्यासारखाच शुद्ध कार्बनचा आणि तितकाच कठीण असतो. अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत डिसेंबर 1954 मध्ये ट्रेसी हॉल यांनी असा हिरा यंत्राच्या दाबाखाली तयार केला. दुसरी रीत वायूची. बंद भांड्यात हिऱ्याची पातळ चकती ठेवतात, मिथेन आणि हायड्रोजन सोडतात, मायक्रोवेव्हने तापवतात. वायूतला कार्बन चकतीवर थरावर थर बसत जातो आणि काही आठवड्यांत हिरा वाढतो. सुरतेत ही रीत जोरात आहे. जून 2023 मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीला दिलेला साडेसात कॅरेटचा हिरा असाच तयार केलेला होता.

नुसत्या डोळ्यांनी किंवा साध्या भिंगाने हा फरक सराफालाही कळत नाही. दुकानातला पेनासारखा साधा टेस्टर दोन्हींना हिराच म्हणतो. खात्री करायला खास यंत्र आणि प्रयोगशाळा लागते.

भाव आणि मोड

कारखान्यातला हिरा आज खाणीतल्याच्या कितीतरी पट स्वस्त मिळतो, अनेकदा दहाव्या हिश्शाच्या आसपास. मात्र यंत्रे वाढतील तसा त्याचा भाव उतरत जातो. डी बिअर्स या जुन्या खाण-कंपनीने 2018 मध्ये लाइटबॉक्स नावाने असे हिरे कॅरेटला 800 डॉलरने विकायला काढले. 2024 मध्ये तोच भाव 500 वर आला आणि 2025 मध्ये कंपनीने तो धंदाच बंद करण्याचे जाहीर केले.

मग खाणीतला हिरा म्हणजे बचत का? तसेही नाही. सोने वजनावर मोडता येते, त्या दिवसाचा भाव पेपरात छापून येतो. हिऱ्याला असा एक भाव नाही. मोडायला गेल्यावर घेतलेल्या किमतीपेक्षा बरेच कमी हातात पडते. शिवाय हिऱ्याची अंगठी बहुधा 18 किंवा 14 कॅरेट सोन्यात असते. म्हणजे शंभर भागांत सोने 75 किंवा साडेअठ्ठावन्नच.

कोणता हिरा नीतीने स्वच्छ, असेही विचारले जाते. सिएरा लिओन, अंगोला येथील युद्धे खाणीतल्या हिऱ्यांच्या पैशावर पोसली गेली. ते थांबवायला 2003 पासून किंबर्ली प्रक्रिया लागू झाली. कारखान्यातल्या हिऱ्यामागे खाण नाही, पण वीज भरपूर लागते आणि आपल्याकडे ती बरीचशी कोळशावरची. पैलू पाडणारा हात मात्र दोन्हीकडे मजुराचाच. मंदी आली तेव्हा तोच आधी घरी बसला. जुलै 2024 मध्ये सुरतेत हिरा कामगारांच्या युनियनला आत्महत्या रोखण्यासाठी मदतीचा फोन सुरू करावा लागला. मे 2025 मध्ये गुजरात सरकारने बेरोजगार रत्नकलाकारांच्या मुलांची एक वर्षाची फी, 13,500 रुपयांपर्यंत, भरण्याचे जाहीर केले. चाक थांबले की पहिला घाव लेकरांच्या शाळेवर बसतो, तो असा.

घेताना हे पाहा

सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता, हिऱ्याचा कॅरेट म्हणजे वजन. एक कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम, त्याचे शंभर सेंट. बिलावर सोन्याचे वजन, हिऱ्याचे वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी. हिरा नैसर्गिक की प्रयोगशाळेतला, हे स्पष्ट शब्दांत लिहायला लावावे. नुसते 'डायमंड' लिहिलेले चालवून घेऊ नये. प्रमाणपत्राचा क्रमांक हिऱ्याच्या कडेवर कोरलेला असेल तर तो दुकानातच भिंगाखाली जुळवून पाहावा. सोन्यावर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो, तो बीआयएस केअर या मोबाइल अॅपवर तपासता येतो. परत घेण्याचा शब्द तोंडी नको, बिलावर हवा.

हौसेसाठी घ्यायचा असेल, पुन्हा विकायचा विचार नसेल, तर कारखान्यातला हिरा घेण्यात कसलाही कमीपणा नाही. तो खराच आहे. पोरीने तो बिनधास्त मिरवावा. अडीअडचणीला उपयोगी पडावे म्हणून दागिना करायचा असेल, तर दोन्ही हिरे बाजूला ठेवून 22 कॅरेटचे हॉलमार्क सोने घ्यावे. आणि सोयऱ्यांच्या नजरेपुढे उणे दिसू नये म्हणून व्याजाने पैसे काढून तर कोणताच हिरा घेऊ नये. अंगठीचा भाव उतरतो, कर्जाचा हप्ता उतरत नाही.