गाणं आठवल्यांचं, नाव तुकोबांचं

मी सांगलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि जुन्या मराठी चित्रपटांवर छोटे व्हिडिओ करते. पुण्याचा फिल्म ॲप्रिसिएशन कोर्स केला तेव्हापासून हे वेड लागलं. प्रभात फिल्म कंपनीचं नाव आमच्या मुलांनी आजोबांच्या तोंडून ऐकलेलं असतं, चित्रपट पाहिलेले नसतात. एखादा प्रसंग किंवा एखादं गाणं घ्यायचं, थोडं दाखवायचं आणि ते तसं का रचलं असेल ते बोलायचं, एवढाच माझा उद्योग. कवितेवर लिहायचं तर दोन ओळी उतरवून घ्याव्याच लागतात, तसं चित्रपटावर बोलायचं तर त्याचा तुकडा दाखवावाच लागतो. या व्हिडिओंतून मला पैसे मिळत नाहीत आणि तशी अपेक्षाही नाही.

‘संत तुकाराम’वर एक भाग केला. प्रभातसाठी दामले-फत्तेलाल यांनी केलेला हा १९३६चा चित्रपट, विष्णुपंत पागनीस तुकोबांच्या भूमिकेत. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला हे पुष्कळांना ठाऊक असतं. त्यातलं ‘आधी बीज एकले’ हे गाणं तुकोबांचं नाही, हे मात्र फार कमी जणांना ठाऊक असतं. ते शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलं आणि चाल केशवराव भोळे यांची. तेव्हा आठवले पंचविशीत होते. गाणं तुकोबांच्या वळणाचं इतकं अस्सल उतरलं की लोकांनी ते गाथेतलंच मानलं, कित्येक जण आजही मानतात. माझा भाग याच किमयेवर होता. आठवल्यांनी शब्द कुठले निवडले, कुठले टाळले, भोळ्यांनी नाटकी तानांचा मोह कसा सोडला, पागनीस गातात ते वारकऱ्यासारखं कसं वाटतं. हे सांगताना गाण्याचा जेमतेम पाऊण मिनिटाचा तुकडा वाजवला होता, तोही मध्ये मध्ये थांबवून.

दुसऱ्याच दिवशी व्हिडिओ दिसेनासा झाला. एका संगीत कंपनीने त्या ध्वनिमुद्रणावर हक्क सांगितला होता. खरं तर ‘सांगितला’ म्हणणंही बरोबर नाही, कारण माझा व्हिडिओ कुणी माणसाने पाहिलाच नव्हता. कंपनीने आपल्या ध्वनिमुद्रणांचे ठसे व्हिडिओ मंचाच्या यंत्रणेत आधीच भरून ठेवलेले असतात. नवा व्हिडिओ चढला की यंत्र आवाज ताडून पाहतं, जुळला की दावा आपोआप लागतो. त्या आवाजावर मी काय बोलले, गाणं वाजवलं की समजावून सांगितलं, हे यंत्राला कळत नाही. त्याला तेवढंच शिकवलेलं असतं.

माझा एक विद्यार्थी आता कोल्हापुरात वकिली करतो. त्याला फोन केला.

“मॅडम, चित्रपट कधीचा?”

“छत्तीसचा.”

“मग चित्रपटाचा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क कधीच संपलाय. आपल्या कायद्यात प्रकाशनानंतर साठ वर्षं. साठचा हिशोब धरला तरी शहाण्णवच्या अखेरीस संपला.”

“म्हणजे मी मोकळी?”

“थांबा. गीत आणि चाल वेगळी धरतात. तिथे कवीच्या आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं मोजायची. आठवले कधी गेले?”

“पंचाहत्तर साली. भोळे सत्त्याहत्तर.”

“मग गीत २०३५च्या अखेरपर्यंत आणि चाल २०३७च्या अखेरपर्यंत हक्कात आहे. पण तुम्ही समीक्षा केलीय ना? मग कलम ५२ तुमच्या बाजूने आहे.”

१९५७च्या कॉपीराइट कायद्याचं ते कलम मी त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचलं. एखाद्या कृतीचा, तिच्यावर किंवा दुसऱ्या कुठल्याही कृतीवर टीका वा परीक्षण करण्यासाठी केलेला रास्त वापर हा हक्कभंग ठरत नाही असं त्यात स्वच्छ लिहिलंय. खाजगी अभ्यास, संशोधन, चालू घडामोडींचं वार्तांकन यांनाही अशीच मुभा आहे. शिक्षणासाठीची सूट तर शिक्षिका म्हणून मला आणखी जवळची. २०१६ साली दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानावर मोठ्या परदेशी प्रकाशकांनी केलेला दावा दिल्ली उच्च न्यायालयाने फेटाळला. न्या. राजीव सहाय एंडलॉ यांच्या त्या निकालाचा गाभा असा की कॉपीराइट हा काही जन्मजात, दैवी हक्क नाही. ज्ञान वाढावं म्हणून समाजाने तो घालून दिला आहे. तो निकाल वाचून मला फार धीर आला. इतका समंजस कायदा आपल्याकडे आहे, मग माझा व्हिडिओ बंद का?

कारण ऑनलाइन जगात कायद्याच्या आधी मंचाचे नियम लागू होतात. मी हरकत नोंदवली. त्या मंचावर हरकतीचा पहिला निवाडा दावेदारच करतो आणि त्यासाठी त्याला तीस दिवस मिळतात. कंपनीने हरकत फेटाळली, कारण दिलं नाही. पुढची पायरी अपिलाची. तीही फेटाळून कंपनीने रीतसर हटवण्याची नोटीस दिली तर वाहिनीवर ठपका बसतो, आणि असे तीन ठपके बसले की पूर्ण वाहिनी जाऊ शकते, जुने सगळे व्हिडिओ तिच्यासह. वकील म्हणाला, आपल्या कायद्यात कलम ५२मध्येच अशी तरतूद आहे की तक्रारीनंतर मजकूर हटवला आणि तक्रारदाराने एकवीस दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही, तर तो पुन्हा दाखवता येतो. पण हे मंच चालतात प्रामुख्याने अमेरिकेच्या १९९८च्या कायद्याच्या वळणाने. सांगलीतल्या मराठीच्या शिक्षिकेने या सगळ्यातून वाट काढावी अशी अपेक्षा कुणी धरू नये.

मी अपील केलं. आणि एके दिवशी दावा मागे घेतला गेला, तोही कारण न सांगता. व्हिडिओ आज दिसतो. पण माझ्यासारखंच काम करणाऱ्या रत्नागिरीच्या एका मैत्रिणीने तोवर आपल्या सगळ्या व्हिडिओंतून आवाज काढून टाकला होता. आता ती फक्त स्थिरचित्रं दाखवते आणि गाण्याविषयी तोंडी सांगते. “कशाला उगाच?” एवढंच तिचं म्हणणं. ज्या गोष्टीला कायद्याची मुभा आहे ती तिने भीतीपोटी सोडून दिली. माझ्यावरच्या दाव्यापेक्षा मला हे जास्त लागलं. एखादा व्हिडिओ बंद झाला तर ते निदान दिसतं. असे न झालेले व्हिडिओ कुठेच दिसत नाहीत. आणि प्रभातच्या बाबतीत दाखवणारे उरणं फार महत्त्वाचं आहे. २००३च्या जानेवारीत पुण्यात चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली, तिच्यात जुन्या काळाचा मोठा ठेवा जळून गेला. जे उरलंय ते लोकांनी पाहिलं, त्यावर बोललं, तरच उरेल.

एवढं सांगूनही मी कॉपीराइटच्या विरोधात नाही. स्टुडिओच्या पगारावर गाणी लिहिणाऱ्या त्या पिढीला पुढच्या कमाईतलं काय मिळालं असेल याचा विचार केला की वाईट वाटतं. पुढे १९७७च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर चित्रपटासाठी लिहिलेल्या गीतांवर निर्मात्याचा हक्क आणखी पक्का झाला. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा असा हक्क दिला की तो लिहून घेताही येत नाही. जावेद अख्तर यांनी त्यासाठी राज्यसभेत आवाज उठवला, तो योग्यच होता. हा कायदा कवीसाठी असला पाहिजे. कंपनीच्या ठशांच्या यादीसाठी नव्हे.

त्या व्हिडिओनंतर काही महिन्यांनी वर्गात दुसरीच गोष्ट घडली. एका मुलीने प्रकल्पात लिहिलं की ‘आधी बीज एकले’ हा तुकाराम महाराजांचा अभंग आहे, आणि पुढे गाथेतला क्रमांकही दिला. मी विचारलं, “कुठून घेतलंस?” ती म्हणाली, “मॅडम, एआयला विचारलं.” मी तिच्यासमोरच फोनवर विचारून पाहिलं. उत्तर तेच आलं, क्रमांक मात्र वेगळा. हे आठवल्यांचं गाणं आहे असं लिहिल्यावर त्याने क्षमा मागितली आणि दुरुस्ती केली. दुसऱ्या मुलाच्या फोनवर पुन्हा तुकोबा.

यात नवल नाही. एआयची ही प्रारूपं (मॉडेल्स) कोट्यवधी पानं वाचून शिकतात आणि त्या पानांवर जे जास्त वेळा लिहिलेलं असतं तेच त्यांच्या तोंडी बसतं. आठवल्यांचं नाव थोड्या पानांवर, तुकोबांचं हजारो पानांवर. गाणं शोषलं गेलं, कवी मागे राहिला. मग मला माझ्याच अनुभवाची दुसरी बाजू दिसली. पाऊण मिनिटाचा तुकडा दाखवून मी कवीचं नाव ठळक सांगत होते, तर यंत्राने मला अडवलं. इथे दुसऱ्या यंत्राने सगळंच्या सगळं वाचून घेतलं, नाव पुसलं, आणि त्याला अडवायला कुणी नव्हतं.

आता न्यायालयं आणि सरकार या प्रश्नाशी झगडत आहेत. एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४मध्ये ओपनएआयवर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, पुढे पुस्तक प्रकाशक आणि संगीत कंपन्याही त्यात उतरल्या. अमेरिकेत अँथ्रॉपिक या कंपनीने चोरीच्या संकेतस्थळांवरून पुस्तकं उतरवून घेतल्याच्या प्रकरणात २०२५ साली लेखकांशी दीड अब्ज डॉलरची तडजोड केली. पण तिच्यात धरली गेली ती अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात नोंदलेली पुस्तकं. मराठी लेखक तिथे कशाला नोंदणी करायला जाईल? डिसेंबर २०२५मध्ये केंद्राच्या समितीने आपल्यासाठी वेगळी वाट सुचवली: रीतसर मिळालेला कोणताही मजकूर एआय कंपन्यांनी शिकवणीसाठी वापरावा, निर्मात्याला नकार देता येणार नाही, मात्र मोबदला एका मध्यवर्ती संस्थेमार्फत मिळेल.

मला मजकूर वाचायला देण्याची हरकत नाही. मराठी या यंत्रांना नीट यावी अशीच माझी इच्छा आहे. त्यांनी मराठी वाचलीच नाही तर माझ्या मुलांना ती कुठली तरी अर्धवट मराठी शिकवतील. पण मोबदल्याचा वाटा ज्यांच्याकडे मोठ्या याद्या आहेत त्यांच्याकडेच जाईल, अशी मला काळजी वाटते. आणि पैशाइतकंच नावाचं काय? आपल्या कायद्याच्या कलम ५७ने लेखकाला आपल्या कृतीवर आपलं नाव राहण्याचा हक्क दिला आहे, हक्क विकला तरी तो त्याच्याकडेच राहतो. एआयच्या चर्चेत या कलमाबद्दल मला फारसं ऐकू येत नाही. यायला हवं. आवाजाच्या बाबतीत न्यायालयं जागी झाली आहेत: २०२४मध्ये अरिजित सिंग आणि २०२५मध्ये आशा भोसले यांच्या आवाजाची एआयने नक्कल करण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने संरक्षण दिलं. पण आशाताई न्यायालयात जाऊ शकल्या. १९४३ साली गेलेल्या पागनीसांच्या वतीने कोण जाणार?

माझं मत असं झालंय की समीक्षा, शिक्षण, अभ्यास यांसाठी तुकडा दाखवण्याची मुभा कायद्यात आहे तशीच मंचांवरही प्रत्यक्षात मिळाली पाहिजे, आणि दाव्याचा निवाडा दावेदाराने करू नये. एआय कंपन्यांनी आधी कवीचं नाव नीट शिकावं आणि ते सांगावं, मग पुढच्या गोष्टी.

तोवर तुम्हाला एक विनंती. जुनं गाणं कुठेही टाकाल, स्टेटसला ठेवाल, व्हिडिओत वापराल, तिथे गीतकाराचं आणि संगीतकाराचं नाव लिहा. यंत्रं आपणच लिहिलेलं वाचतात. आणि तुमच्या समीक्षेवर चुकीचा दावा आला तर घाबरून व्हिडिओ काढू नका. कलम ५२चा उल्लेख करून हरकत नोंदवा.