किल्ली कुणाकडे?

माझ्या व्यवसायात ऋण मानायच्या जागा ठरलेल्या आहेत. आर्किटेक्टने कॉलेजातल्या सरांचं नाव घ्यावं, पहिल्या बॉसचं घ्यावं, फार तर विश्वास टाकणाऱ्या क्लायंटचं. फिल्टर प्लँटवरच्या पंप ऑपरेटरचं नाव कुणी घेत नाही. मी घेणार होते, पण काकांनीच नको म्हटलं. तेव्हा इथेही ते नुसते काका, आणि त्यांनी जन्मभर चालवला तो महापालिकेच्या पोहण्याच्या अनेक तलावांपैकी एक.

त्याच टँकवर मी पोहायला शिकले. वडील टेल्कोत होते, पहिली पाळी सुटली की मला घेऊन निघायचे. त्यांची पिढी गावच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेली, त्यामुळे पास, बॅच, टोपी हे सगळं त्यांना थेर वाटायचं. काकांना मात्र टोपीचं वेड होतं. डोकं खोबरेलाने चोपडून आलेलं पोर दिसलं की ते फिल्टर रूममधून तडक बाहेर यायचे. "पोरी, तुझ्या आईनं लावलेलं तेल मला वाळूतून काढावं लागतं!" मला ती अतिशयोक्ती वाटायची. तेलाने फिल्टरमधल्या वाळूचे गोळे होतात आणि पाणी त्यांच्यामधून वाट काढत गाळलं न जाताच निघून जातं, हे मला पुढे पुस्तकात वाचायला मिळालं.

बऱ्याच वर्षांनी पिंपरीतल्या एका शाळेच्या तलावाचं काम माझ्याकडे आलं. पैसे एका कारखान्याच्या सामाजिक निधीतले, आणि त्यांची अट एकच: शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत तलाव आजूबाजूच्या वस्तीला खुला हवा. विश्वस्तांना 'ऑलिंपिक साइझ' हवा होता. तो सगळ्यांनाच हवा असतो. ५० बाय २५ मीटर, खोली दोन मीटर, म्हणजे २५ लाख लिटर पाणी. तेही २५ नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड नळ सुरू झालेल्या शहरात.

कच्चा आराखडा घेऊन मी काकांकडे गेले. ते निवृत्त झाले होते आणि मला 'मॅडम' म्हणू लागले होते. मला ते बोचलं, पण सांगूनही त्यांनी सोडलं नाही. मापांकडे त्यांनी पाहिलंच नाही. विचारलं, "किल्ली कुणाकडे?"

"शाळेकडे."

"शिपाई सहाला घरी जाणार. रविवारी हेडमास्तर गावाला. उघडणार कोण? दोन महिन्यांत फाटकावर पाटी लागेल, देखभालीसाठी बंद. मॅडम, कुलपं आधी ठरवा, भिंती मग काढा."

त्या तलावाचं सगळं नियोजन या एका वाक्यातून निघालं, असं म्हटलं तरी चालेल. तलाव मैदानाच्या मधोमध होता, तो रस्त्याच्या कडेला आला. वस्तीचं फाटक रस्त्यावर उघडतं, मुलांचं शाळेच्या बाजूने, आणि एक उघडं असताना दुसरं बंद. संध्याकाळी वस्तीतला माणूस वर्गांकडे जाऊच शकत नाही, म्हणून मुख्याध्यापिकांची काळजी मिटली; शाळेची परवानगी न मागता टँक उघडता येतो, म्हणून वस्तीची. संडास, शॉवर, पाय धुवायचा हौद हे सगळं या दोन दारांच्या मध्ये, म्हणजे कुणीही आला तरी अंग धुतल्याशिवाय पाण्यापर्यंत पोचत नाही. न्यूझीलंडमध्ये गावच्या शाळा आपल्या तलावाची किल्ली उन्हाळ्यापुरती फी घेऊन आसपासच्या कुटुंबांना देतात, हे मी नंतर वाचलं आणि काकांना सांगितलं. "आपल्याकडे किल्ली दिली तर टँकमध्ये म्हशी दिसतील," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पण कल्पना चांगली आहे."

बायकांच्या बॅचबद्दल ते बोलले ते तर कुठल्याच पुस्तकात सापडलं नसतं. या बॅचेस रिकाम्या का होतात? मी म्हटलं, फी, वेळ, घरची कामं. त्यांचं म्हणणं वेगळं. ओल्या कपड्यांत बाईला पुरुषांच्या बाकासमोरून चालत जावं लागतं. पहिल्या आठवड्यात ती येते, दुसऱ्यात येत नाही. म्हणून आमच्याकडे बायकांच्या खोलीचं दार सरळ पाण्याच्या काठावर उघडतं आणि वाट बघणाऱ्यांची बाकं पलीकडच्या टोकाला आहेत. एवढा एक बदल. खर्च शून्य.

क्लोरीनच्या खोलीबाबत ते हट्टी होते. हा वायू हवेच्या जवळपास अडीचपट जड, खाली बसतो. त्यामुळे पंखा छताजवळ लावून उपयोग नाही, जमिनीलगत हवा. दार बाहेर उघडणारं. सिलिंडर तर शाळेत नकोच. सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण चालेल, पण त्याच्या शेजारी ॲसिडचा कॅन ठेवायचा नाही, दोन्ही मिसळले तर तोच वायू निघतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये कासारवाडीच्या तलावावर क्लोरीनची गळती झाली, पोहायला आलेल्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. तोवर विश्वस्तांना ही खोली म्हणजे काकांचा बाऊ वाटत होता. त्यानंतर त्या खोलीच्या खर्चाला कुणी हरकत घेतली नाही.

शेवटी माप ठरलं २५ बाय साडेबारा मीटर. उथळ टोकाला ०.९ मीटर, उडीच्या ठोकळ्यांच्या बाजूला १.४, शर्यतीच्या सुरुवातीला तिथे किमान १.३५ लागतेच. पाणी सुमारे साडेतीन लाख लिटर. एका कडेने उतरता रॅम्प. रॅम्पमुळे एक लेन जाते, अशी कुरकुर झाली. मी मुरलीकांत पेटकरांचं नाव काढलं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेला हा जवान १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकला, आणि नोकरी त्याने आपल्या टेल्कोत केली. पिंपरीच्या टँकला रॅम्प नसेल तर कुठल्या असावा? सभेत असं भावनेला हात घालणं मला एरवी आवडत नाही. त्या दिवशी घातला.

पाण्यावरून मात्र खरी चकमक झाली. पालकसभेत एक बाई उठून म्हणाल्या, आमच्याकडे हंडे भरून ठेवतो आणि तुम्ही पोहायला पाणी देणार? प्रश्न रास्त होता. मी उन्हाळ्यात वाफ होऊन दिवसाला जाणाऱ्या दोनेक हजार लिटरचा हिशेब मांडला, रात्रीच्या आच्छादनाचं सांगितलं, बॅकवॉशचं, म्हणजे फिल्टर उलटा धुतल्याचं, पाणी निवळून बागेला जाईल म्हटलं. उत्तर बरोबर होतं, पण पटण्यासारखं नव्हतं.

हे सांगितल्यावर काकांनी पहिल्यांदाच घरचं काढलं. ते पवनमावळातले. पवना धरणात त्यांच्या वडिलांची जमीन गेली. त्या धरणग्रस्तांचं पुनर्वसन दशकानुदशकं रखडलं. धरणातून सोडलेलं पाणी नदीने रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उपसून शहराला. ते बंद जलवाहिनीतून नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ ला मावळातले शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. काका त्या दिवशी ड्यूटीवर होते. "टँक भरलेला, बॅच चालू. मी काय करणार होतो?" एवढंच म्हणाले. मग विषय बदलून बॅकवॉशवर आले. बाकीचे ऑपरेटर घड्याळ बघून बॅकवॉश देत, ते दाबाचा काटा चढल्यावरच देत. अधिकाऱ्यांना तो आळस वाटे. दर वेळी हजारो लिटर पाणी गटारात जातं आणि ते कुठून येतं हे आपल्याला माहीत आहे, हे त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही.

आमच्या ऑपरेटरच्या सूचनाफलकावर पहिली ओळ काट्याचीच आहे. पुढच्या सभेत त्या बाईंना मी आकडे सांगितले नाहीत, मावळ सांगितला. त्यांचं समाधान झालं असं नाही. पण उन्हाळी बॅचमध्ये त्यांची मुलगी होती.

काकांना सल्ल्याचे पैसे द्यायचे म्हटलं तर चहा पुढे करायचे. नकाशावर सल्लागारांच्या रकान्यात नाव घालते म्हटलं तर, "पेन्शनवाल्याला कशाला अडकवता?" तलाव सुरू झाल्यावर ते नातीला घेऊन आले. संध्याकाळची वस्तीची बॅच. मी खिडकीवरच्या मुलाला खूण केली, यांची फी घेऊ नको. काकांनी ती पाहिली. पूर्ण पैसे मोजून टाकले आणि पावतीसाठी हात पुढे केला.

"काका, तुमच्याकडून?"

"फुकट आलो तर तक्रार कुठल्या तोंडानं करू?"

आठवड्याच्या आत वहीत नोंद होती, सहीसकट: बायकांकडचा दोन नंबरचा शॉवर गळतो, वायसर बदलणे.