माथेरानांतील आमची रपेट

२०२३ सालच्या जानेवारी महिन्यांत आपल्या शाळेच्या सातवीच्या वर्गाची सहल माथेरानास गेली होती. त्या सहलींत आम्ही घोड्यावरून पडलों, असा एक प्रवाद शाळेंत रूढ झाला आहे. त्या वर्गांतील मुलें आतां मोठीं झालीं. पण प्रवाद मात्र सातवीच्या वर्गांतच राहिला. तो दरवर्षीं नव्या मुलांच्या हवालीं होतो आणि हवालीं होतांना थोडा वाढतो. गेल्या वर्षीं आमचा घोडा दरीच्या कांठापर्यंत उधळला होता. यंदां तो दरींत गेला असल्याचें आम्हीं जिन्यावरून येतांना स्वतःच्या कानांनीं ऐकिलें. म्हणून वार्षिकाच्या संपादकांनीं लेख मागतांच खरी हकीगत एकदां लिहून ठेवावी, असें आम्हीं ठरविलें. आरंभींच सांगतों कीं, आम्ही पडलों नाहीं. जें झालें तें पडण्याहून अधिक लाजिरवाणें होतें.

माथेरान हें रायगड जिल्ह्यांत, नेरळ गांवाच्या डोक्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० मीटर उंचीवर आहे. १८५० सालच्या मे महिन्यांत ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे चौक गांवाकडून डोंगर चढून आले, तेव्हांपासून हें हवा खाण्याचें ठिकाण म्हणून प्रसिद्धीस आलें. नेरळहून वर जाणारी छोटी आगगाडी आदमजी पीरभाय यांच्या घराण्यानें बांधली. ती १९०७ सालीं सुरू झाली. मोटारी दस्तुरी नाक्यापर्यंत येतात. तेथून पुढें, रुग्णवाहिका व आगीचा बंब सोडल्यास, मोटारीला मज्जाव आहे. २००३ सालीं केंद्र सरकारनें हा सारा प्रदेश पर्यावरणाच्या दृष्टीनें संवेदनशील म्हणून जाहीर केला, त्यामुळें हा मज्जाव अधिकच पक्का झाला. आम्ही गेलों तेव्हां नाक्यापुढें जावयाचें तर आपले पाय, माणसानें ओढावयाची रिक्षा, प्रयोगादाखल नुकत्याच आलेल्या थोड्या विजेच्या रिक्षा, आणि घोडा, एवढींच साधनें होतीं. माणसानें ओढावयाच्या रिक्षेंत बसण्यास आमचें मन घेईना. (ती पद्धत बंद करावी, असा आदेश पुढें २०२५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दिला.) घोड्याविषयीं मात्र आमच्या मनांत असा कांहीं विचार आला नाहीं.

आम्ही इतिहास शिकवितों. मराठ्यांच्या घोडदळाविषयीं बोलूं लागलों म्हणजे आमच्या वाणीला थोडा जोर चढतो, हें सातवीच्या प्रत्येक वर्गाला ठाऊक आहे. स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार आणि सरकारी पागेंतील घोड्यावर बसणारा तो बारगीर, हा फरक आम्हीं इतक्या वेळां फळ्यावर लिहिला आहे कीं, तो आतां खडूशिवायहि तेथें उमटावा. साहजिकच दस्तुरी नाक्यावर ओळीनें उभे असलेले घोडे दिसतांच अडतीस मुलांच्या नजरा आमच्याकडे वळल्या. एका मुलीनें विचारलें, "सर, उद्यां तुम्ही घोड्यावर बसणार ना?" नाहीं म्हणावयास जागाच नव्हती. वस्तुतः लहानपणीं एका जत्रेंत तट्टावर बसून दोन फेऱ्या मारल्या होत्या, एवढाच आमचा अनुभव. तो आम्हीं त्या वेळीं उघड केला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं बाजारपेठेंतून निघून शार्लोट तलाव, एको पॉइंट व लुइझा पॉइंट पाहून परतावयाचें, असा बेत होता. मुलें पायीं व त्यांच्यामागून आम्ही घोड्यावर. घोडा कुमैत रंगाचा, बादल नांवाचा. घोडेवाला पन्नाशीचा, बोलण्यांत मोजका. त्यानें प्रथम तंग ओढून पाहिला, मग रिकिबी आमच्या पायांच्या मानानें आंखूड केल्या. आम्ही घोड्याच्या पाठीमागून वळसा घेऊं लागलों, तोंच तो म्हणाला, "मागून जाऊं नका, मास्तर. खांद्याकडून या. कोण येतंय तें त्याला दिसलं पाहिजे." घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळें त्याला चोहोंकडचें बहुतेक सारें दिसतें, अगदीं नाकासमोरचें आणि शेपटीमागचें तेवढें दिसत नाहीं, आणि जें दिसत नाहीं त्याला तो भितो. हें आम्हांस त्या दिवशीं कळलें. मग डाव्या बाजूनें आम्हांस वर चढविण्यांत आलें. स्वाराच्या कमरेला डावीकडे तलवार असे म्हणून डावीकडून चढण्याची रीत पडली, ही माहिती आम्हीं तेवढ्यांतल्या तेवढ्यांत मुलांना देऊन टाकिली.

तो सकाळचा प्रवास आम्हांस फार आवडला, हें कबूल केलें पाहिजे. माथेरानची माती जांभ्या दगडाची, तांबडी. जांभूळ, हिरडा, अंजनी यांची झाडी वाटेवर इतकी दाटून येते कीं दहा वाजेपर्यंत ऊन खालीं उतरत नाहीं. मातीच्या वाटेवर घोड्याच्या टापांचा आवाज होत नाहीं म्हटलें तरी चालेल. खूर किंचित् रुततो व उचलतो. चढ आला कीं घोडेवाला "पुढं वांका" म्हणे, उतार आला कीं "मागं रेला" म्हणे. एरव्हीं तो लगामाशेजारून आपला चालत असे. मुळें व दगड कोठें आहेत, हें पाहण्याचें काम बादल करीत होता. लुइझा पॉइंटवरून पलीकडे प्रबळगडाचा डोंगर दिसतो. तेथें आम्हीं घोड्यावर बसूनच मुलांना दहा मिनिटें व्याख्यान दिलें. उतरून दिलें असतें तरी चाललें असतें. पण खरें सांगावयाचें तर उतरावेसें वाटेना.

परत येतांना बाजाराकडील एका उतारावर माती संपली आणि भाजलेल्या मातीचे ठोकळे बसविलेला गुळगुळीत रस्ता लागला. येथें बादल थांबला. घोडेवाला त्याच वेळीं मागें वळून एका मुलाला वाटेच्या कडेपासून आंत घेत होता. पुढें गेलेलीं मुलें थांबून पाहूं लागलीं. त्यांतील दोघे हंसले. घोडा अडला असतां स्वारानें आपला अधिकार दाखवावा, नाहीं तर घोड्याला खोड लागते, असें कोठें तरी वाचलेलें आम्हांस आठवलें. शेजारच्या फांदीची एक बारीक शिपटी हाताशीं आली. आम्हीं ती मोडली आणि बादलच्या पाठीमागें दोनदां मारली.

त्यानें पाऊल टाकलें. मागचा पाय ठोकळ्यांवरून सरकला व तो पुढच्या गुडघ्यांवर आला. घोडेवाला कसा धांवत आला तें आम्हांस कळलें नाहीं. त्यानें लगाम धरून घोड्याचें डोकें वर उचललें आणि त्या ओढींत तो स्वतः कोपरावर पडला. आम्ही खोगिराला घट्ट चिकटून होतों. घोडा उभा राहिला. घोडेवाला उठला, आमच्या हातांतील शिपटीकडे पाहिलें आणि म्हणाला, "उतरा, मास्तर."

आम्ही उतरलों. त्याच्या कोपरांतून रक्त येत होतें. आम्हीं हातरुमाल पुढें केला. तो घेऊन त्यानें आधीं बादलचे दोन्ही गुडघे पुसून पाहिले, मग मागचा डावा पाय उचलून नाल पाहिला, आणि मग उरलेल्या कोपऱ्यानें स्वतःचें कोपर पुसलें. अडतीस मुलें निःशब्द उभीं होतीं. ठोकळे संपल्यावर पुन्हां बसतां येईल काय, असें आम्हीं हळूच विचारलें. तो म्हणाला, "आज नाहीं." नंतर बाजारापर्यंत घोडेवाला पुढें, त्याच्यामागें घोडा व घोड्याच्या मागें, पण यावेळीं बेताच्या अंतरावर, आम्ही, असे चालत गेलों.

शाळेंत जी गोष्ट सांगतात ती येथें संपते. पुढची एकाहि विद्यार्थ्याला ठाऊक नाहीं.

भाड्याचे पैसे द्यावयाचे राहिले होते, म्हणून संध्याकाळीं आम्ही विचारीत विचारीत त्याच्या तबेल्याकडे गेलों. पत्र्याचें छप्पर, खालीं दगडी फरशीचा तुकडा, चार घोडे. एका कोपऱ्यांत कोंड्याचीं पोतीं व गवताच्या पेंढ्या होत्या. घोडेवाल्याचा भाऊ खरारा करीत होता आणि घोड्यांच्या तोंडाला भिजविलेल्या हरभऱ्याचे तोबरे बांधले होते. मध्यभागीं बादल उभा होता, आणि नालबंद त्याचा मागचा पाय आपल्या मांडीवर घेऊन बसला होता.

नालबंद हा शब्द आम्हांस नवा नव्हता. सभासदाच्या बखरींत शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्था सांगितली आहे. पंचवीस बारगीरांवर एक हवालदार, पांच हवालदारांवर एक जुमलेदार, अशी ती चढत सरनोबतापर्यंत जाते. आणि दर पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद. हवालदार, जुमलेदार, हजारी, पंचहजारी हे आम्ही मुलांकडून घोकून घेतों, कारण ते परीक्षेंत विचारतां येतात. पखालजी व नालबंद यांच्यापाशीं आम्ही कधीं थांबलों नव्हतों.

त्या संध्याकाळीं तासभर थांबलों. खूर हा आपल्या नखासारखा वाढतो. म्हणून नाल झिजला नसला तरी सहा ते आठ आठवड्यांनीं तो काढून, खूर तासून, पुन्हां बसवावा लागतो. दगडी रस्त्यावर चालणाऱ्या घोड्याचा नाल त्याआधींच झिजतो. खिळा खुराच्या बाहेरच्या निर्जीव कडेंतून तिरपा जावा लागतो. तो थोडा आंत वळला तर जिवंत भागाला लागतो व घोडा लंगडतो. नालबंद प्रत्येक घावाचा आवाज कान देऊन ऐकत होता. चुकीच्या जागीं गेलेल्या खिळ्याचा आवाज निराळा येतो, असें त्यानें सांगितलें. नव्या नालाला खिळ्यांचीं डोकीं थोडीं वर असतात, त्यांनीं कांहीं पकड मिळते. बादलच्या मागच्या डाव्या पायाच्या नालाचीं डोकीं साफ झिजलीं होतीं. मातीवर त्यानें कांहीं बिघडत नव्हतें. ठोकळ्यांवर पाय ठरणार नाहीं, हें बादलला उमगलें होतें, म्हणून तो थांबला होता. नाल बदलावयाचा, हें घोडेवाल्याच्या सकाळपासून मनांत होतें. परंतु सुटीचा दिवस, गिऱ्हाईक हातचें जाऊं नये, म्हणून त्यानें संध्याकाळवर ढकललें होतें. हें त्यानेंच सांगितलें. "माझीबी चूक होती," असें तो म्हणाला. आमचीहि होती, असें आम्ही म्हणालों. त्यानें तें नाकारलें नाहीं.

मग तो थोडा मोकळेपणें बोलला. चारा, कोंडा सारें खालून वर आणावें लागतें, म्हणून महाग पडतें. पावसाळ्यांत येथें गिऱ्हाईक नसतें. मग तो घोडे डोंगराखालीं नेतो. ठोकळ्यांविषयीं त्याची तक्रार होती, ती आम्हीं सकाळीं डोळ्यांनीं पाहिलीच होती. परंतु ठोकळे कां आले, हेंहि त्यानें लपविलें नाहीं. टापांनीं माती सुटते आणि पहिल्या मोठ्या पावसांत ओढ्यांवाटे खालीं जाते. लीद वाळून तिची धूळ होते, ती लोकांच्या नाकातोंडांत जाते. नव्या विजेच्या रिक्षांबद्दल आम्हीं विचारलें. तो हंसला. "त्या आल्या तर आमचं गिऱ्हाईक जाणार. पण माझीच पोरगी त्यांतून शाळेंत जाते, मास्तर. आधीं रोज तंगडतोड करायची. तिला काय सांगूं, उतर म्हणून?"

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, आजहि नाहीं.

पैसे देतांना, अर्धाच फेरा घोड्यावर झाला, हें मनांत आलें होतें. पण तोंडांतून काढण्याचा धीर झाला नाहीं, आणि त्यानें पूर्ण भाडें मोजून घेतलें. कोपरासाठीं म्हणून वर कांहीं देऊं केलें तें त्यानें परत केलें. हातरुमाल मात्र परत केला नाहीं; तो बादलच्या गुडघ्यावर हळद लावून बांधलेला होता. निघतांना आम्ही बादलच्या खांद्याकडून जवळ गेलों व त्याच्या मानेवर हात ठेवला. त्यानें कान आमच्याकडे वळविला, आणि तोबऱ्यांतील हरभरे खाणें चालू ठेविलें.

काढलेला नाल कोपऱ्यांत पडला होता. तो नेऊं काय, असें आम्हीं विचारलें. लोक दाराला ठोकावयास नेतात तसाच आम्हांसहि हवा असावा, असें समजून नालबंदानें वीस रुपये सांगितले. आम्हीं ते दिले.

तो नाल शिक्षकांच्या खोलींत आमच्या टेबलाच्या खणांत आहे. त्याची बाहेरची कड एखाद्या जुन्या नाण्याएवढी पातळ झाली असून खिळ्यांच्या भोंकांपाशीं ती बोटाला लागते. दरवर्षीं सातवीला बखरींतील पागेची व्यवस्था शिकवितांना आम्ही तो वर्गांत फिरवितों, आणि त्या दिवशीं सरनोबतापर्यंत पोंचणें होत नाहीं. दरींत गेलेल्या घोड्याच्या गोष्टीवर ज्यांचा अद्याप विश्वास असेल, त्यांनीं मधल्या सुटींत येऊन तो पहावा.