चिंताग्रस्त मूल आणि त्याच्या भोवतीचे घर

मुलांच्या मनातील चिंतेचा विचार आपल्याकडे बहुधा मुलाच्या स्वभावापासून सुरू होतो. मूल भित्रे आहे, हळवे आहे, किंवा शाळेचा ताण त्याला झेपत नाही, अशी कारणे दिली जातात आणि ती खोटीही नसतात. मात्र चिंतेने एकदा मूळ धरल्यावर तिला बऱ्याच अंशी खतपाणी मिळते ते मुलाभोवतीच्या मोठ्या माणसांच्या वागण्यातून, आणि हे वागणे हेळसांडीचे नसून अतोनात मायेचे असते, ही बाजू क्वचितच पुढे येते. प्रस्तुत विवेचन कणकवली तालुक्यातील नांदगाव येथील एका घरात आलेल्या अनुभवावर आधारलेले असून लेखिका त्या घरातील चिंताग्रस्त मुलाची आई आहे.

नांदगाव हे मुंबई-गोवा महामार्गावरचे गाव असून तेथील तिठ्यावरून देवगडचा रस्ता किनाऱ्याकडे फुटतो. रोजगारासाठी मुंबई गाठणारे पुरुष आणि गावी मुले सांभाळणाऱ्या बायका ही कोकणातील जुनी घडी येथेही आहे, आणि या घरातही वडील मुंबईत, तर आई, आजी व मुलगा गावी अशीच विभागणी होती. मुलाची चौथीपर्यंतची शाळा हाकेच्या अंतरावर असल्यामुळे त्याचा भित्रेपणा कोणाला फारसा जाणवला नाही. पाचवीला त्याला कणकवलीच्या शाळेत घातल्यावर, म्हणजे एसटीचा रोजचा प्रवास, मोठा वर्ग आणि दिवसभर घरापासून दूर राहणे या तिन्ही गोष्टी एकदमच वाट्याला आल्यावर, तो भित्रेपणा उघडा पडला. सकाळी दप्तर भरून होईपर्यंत सारे ठीक असे. तिठ्याच्या अलीकडे वळणावर बसचा आवाज आला की त्याचा हात पोटावर जाई, पाण्याच्या बाटलीचे झाकण तो पुन्हापुन्हा उघडून लावू लागे, आणि बस समोर येऊन थांबेपर्यंत त्याला खरोखरच उलटी होत असे.

ही पोटदुखी म्हणजे ढोंग, असा निष्कर्ष गावात सहज काढला जातो, आणि तो मुलावर अन्याय करणारा आहे. धोक्याची चाहूल लागताच शरीरातील अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी शरीराला सज्ज करणारी मज्जातंतूंची व्यवस्था, कामाला लागते. ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक रक्तात मिसळते, हृदयाची गती वाढते, रक्त आतड्यांकडून स्नायूंकडे वळवले जाते आणि पचन मंदावते. धोका खरा आहे की कल्पनेतला, हे या व्यवस्थेला त्या क्षणी नीट ओळखता येत नाही, आणि त्यामुळे वाघ समोर आल्यावर जे पोटात होईल तेच एसटी समोर आल्यावरही होऊ शकते. भीती समोरच्या गोष्टीची असते, तर चिंता पुढे काय होईल याची असते. पण पोटाला दोन्ही सारखीच. मुलाच्या तपासण्या निर्दोष आल्या तेव्हा घराला हायसे वाटले, मुलाला मात्र वाटले नाही, कारण आजार नाही असे कळल्याने दुखणे थांबत नव्हते आणि आता त्या दुखण्याला सबबही उरली नव्हती.

बस निघून गेली की अर्ध्या तासात पोट दुखायचे थांबत असे, आणि चिंतेच्या टिकण्याचे सारे मर्म याच अर्ध्या तासात आहे. भीती वाटणारी गोष्ट टाळली की तत्काळ सुटका होते, ही सुटका इतकी सुखाची असते की पुढच्या वेळी टाळण्याची ओढ आणखी बळावते, आणि त्या गोष्टीत प्रत्यक्षात काही भयंकर घडत नाही हे शिकण्याची संधी मुलाला कधी मिळतच नाही. घरातील माणसेही मुलाला यातून सोडवण्यासाठी आपला दिनक्रम त्याच्या भीतीभोवती वळवून घेऊ लागतात: आई त्याच्यासोबत कणकवलीपर्यंत बसने जाते, आजी शाळेला सुट्टी मागणारी चिठ्ठी लिहायला सांगते, वडील रोज रात्री मुंबईहून फोन करून पहिला प्रश्न पोटाचाच विचारतात. यातील एकही कृती स्वतंत्रपणे चुकीची म्हणता येणार नाही. पण सर्व मिळून मुलाला एकच गोष्ट शिकवतात, ती म्हणजे बाहेर खरोखरच धोका आहे आणि मोठ्यांवाचून तो आपल्याला पेलणार नाही.

अमेरिकेतील येल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ एली लेबोविट्झ यांनी नेमक्या याच दुव्यावर काम केले आहे. त्यांच्या पद्धतीत मुलाला उपचारासाठी बसवलेच जात नाही. केवळ पालकांना भेटून, मुलाच्या भीतीसाठी ते करीत असलेल्या तडजोडी टप्प्याटप्प्याने कमी करण्यास आणि त्याच वेळी मुलाच्या त्रासाची मनापासून दखल घेण्यास शिकवले जाते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या १२४ मुलांच्या अभ्यासात ही पद्धत मुलांना थेट दिल्या जाणाऱ्या बोधात्मक वर्तनोपचाराच्या, म्हणजे विचार व वर्तन यांत बदल घडवणाऱ्या उपचाराच्या, तोडीस तोड ठरली. जेथे मुलांचा मानसोपचारतज्ज्ञ सहजासहजी भेटत नाही अशा गावांच्या दृष्टीने या निष्कर्षाचे मोल मोठे आहे, कारण मुलाचे पालक तर गावात असतातच.

कोकणात मात्र एक अडचण पुस्तकांत न सापडणारी आहे. मुलाची मुख्य चिंता अशी होती की पावसात रस्ता बंद होईल आणि आपण कणकवलीत अडकून पडू. "काही होणार नाही" हे उत्तर आई देऊ शकत नव्हती, कारण जून-जुलैत ओहोळ रस्त्यावर येतात, झाडे पडतात, बस तासन् तास येत नाही, आणि दहा वर्षांच्या मुलाने हे सारे डोळ्यांनी पाहिलेले असते. खोटा दिलासा त्याला लगेच कळतो, आणि खरा दिलासाही तो पुन्हापुन्हा मागत राहतो, कारण दिलाशाने मिळणारी शांतता टाळाटाळीतून मिळणाऱ्या सुटकेइतकीच अल्पजीवी असते. यावर घराने काढलेला मार्ग असा होता की रस्ता बंद झाल्यास काय करायचे, कोणत्या शिक्षकांना सांगायचे, कोणाच्या फोनवरून घरी कळवायचे आणि कणकवलीतील कोणत्या नातेवाइकांकडे थांबायचे, हे मुलाने स्वतःच्या हाताने वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले, आणि त्यानंतर तो प्रश्न आला की आई उत्तर न देता एवढेच म्हणे, "पान बघ." योजना आणि दिलासा यांतील फरक या दोन शब्दांत दिसतो: दिलासा आईकडे राहतो, तर योजना मुलासोबत बसमध्ये चढते.

भीतीला थोड्याथोड्या प्रमाणात, आधाराच्या सान्निध्यात सामोरे नेण्याची कल्पना जुनी आहे. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्येच पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती अशा क्रमिक पद्धतीने घालवल्याची नोंद केली होती. नांदगावातील घरातही पायऱ्या ठरवल्या गेल्या: आधी शाळा नसताना तिठ्यावर उभे राहून बस जाताना पाहणे, मग आईबरोबर पुढच्या थांब्यापर्यंत जाणे, मग आईने मागच्या आणि मुलाने पुढच्या सीटवर बसणे, आणि अखेरीस आईने खालीच थांबणे. प्रत्येक पायरीवर पोट दुखतच असे, आणि दुखत असतानाच ती पायरी चढायची होती. दुखणे थांबण्याची वाट पाहायची नव्हती. पालकाला सर्वात जड जाणारी गोष्ट हीच, कारण मुलाचा चेहरा पांढरा पडलेला पाहून त्याला बसमध्ये चढू देणे हे आईपणाच्या साऱ्या ऊर्मींच्या विरुद्ध असते. बस हलल्यावर खिडकीतून तो पाहत असे तेव्हा हात न हलवता, सहज चेहऱ्याने उभे राहणे लेखिकेला मुद्दाम शिकावे लागले, कारण मूल आईच्या शब्दांपेक्षा तिच्या चेहऱ्यावरून धोक्याचा अंदाज घेते.

अशा प्रसंगी शिकलेली माणसे घरातील आजीला अडसर मानतात, आणि लेखिकेचा या मताला ठाम विरोध आहे. आजीने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घातले. गाऱ्हाणे म्हणजे देवासमोर उभे राहून घरची अडचण मोठ्याने मांडणे आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून होकार देणे. या रीतीने चिंता बरी होते असा दावा येथे नाही. परंतु जी गोष्ट घराने लपवून ठेवली असती ती दहा माणसांसमोर बोलली गेली, शेजाऱ्यांना ती कळली, आणि मुलाच्या ध्यानात आले की आपल्या भीतीची घराला लाज वाटत नाही. पुढे पायऱ्यांचे मर्म आजीने कोणाही तज्ज्ञाहून कमी शब्दांत सांगितले: "भय वाटता मा? वाटांदे. तू चल." भीती वाटू देणे आणि तरी चालणे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे त्यात पूर्ण आले होते. वडिलांनीही पोटाचा प्रश्न सोडून "आज बशीत बाजूक कोण होतो?" असे विचारण्यास सुरुवात केली, आणि रात्रीच्या फोनवर मुलगा आपणहून बोलू लागला.

परीक्षेच्या चिंतेचा प्रश्न याहून किचकट ठरला, कारण तेथे बदलायचे होते ते केवळ एक घर नव्हे. दहावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो. २०२४ साली हा निकाल ९९.०१ टक्के आणि २०२५ साली ९८.८२ टक्के लागला. जेथे जवळजवळ सगळेच उत्तीर्ण होतात तेथे नापास होण्याचे भय उरू नये अशी अपेक्षा असते, पण प्रत्यक्षात भय गुणांच्या दशांशांकडे सरकते. याच मुलाने पाचवीत दिलेली शिष्यवृत्ती परीक्षा दोन पेपरांची, प्रत्येकी १५० गुणांची, आणि तिच्या सरावाने रविवारही खाल्ले होते. सराव पेपरात एक उत्तर खोडून पुन्हा तेच लिहिणे, प्रश्नपत्रिका हाती येताच बोटे गार पडणे, ही लक्षणे दिसल्यावर घराने सराव थांबवला नाही. मिळालेले गुण घरात विचारायचे नाहीत एवढेच ठरवले. गणेश चतुर्थीला मुंबईहून आलेले चाकरमानी मात्र आरती संपताच नेमके तेच विचारतात, आणि त्यांना आधी एकेकाला बाजूला घेऊन सांगावे लागते. किशोर फडके यांनी ज्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचा परिचय मराठी वाचकांना करून दिला, त्यातील "झालेच पाहिजे" हा हट्ट आणि "झाले तर बरे" ही इच्छा यांतील भेद दहा वर्षांच्या मुलाला समजतो. चाळिशीतल्या काकांना तो समजावणे अधिक कष्टाचे जाते.

घराने करण्याजोग्या गोष्टींना मर्यादाही आहेत आणि त्या स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. मुलाची झोप किंवा जेवण आठवडेच्या आठवडे बिघडले, शाळा पूर्ण सुटली, किंवा जगणे नको झाल्याचे बोलणे एकदाही कानावर आले, तर पायऱ्या बाजूला ठेवून तज्ज्ञाला गाठणे आवश्यक असते. काही मुलांना औषधांचीही गरज पडते आणि त्यात संकोचाचे कारण नाही. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून त्यावर मराठीत बोलता येते, आणि पालकही स्वतःसाठी तो लावू शकतात.

ओसरलेली भीती मोठ्या सुट्टीनंतर पुन्हा डोके वर काढते, कारण मधल्या काळात सराव तुटलेला असतो. ही नव्याने झालेली घसरण नव्हे, हे घरातील सर्वांना दर वेळी एकमेकांना सांगावे लागते. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी संपण्याच्या आठवडाभर आधी या घरातला मुलगा हल्ली आजीची यादी घेऊन एकटाच एसटीने कणकवलीच्या बाजारात जाऊन येतो. पोट अजूनही कधीकधी दुखते, आणि दुखले तर तो परतल्यावर जेवताना सांगतो.