निगा

पोळा हा आमच्या वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्याचा जिवाभावाचा सण. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकून त्यांना हळद व तूप चोळतात. पोळ्याच्या दिवशी त्यांना न्हाऊ घालतात, शिंगे रंगवितात, अंगावर झूल चढवितात. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. वर्षभर राबणाऱ्या देहाला कोठे दुखते, कोठे सोलले आहे, हे या निमित्ताने हाताने चाचपून पाहिले जाते. मुक्या प्राण्याच्या अशा देखभालीला आपण निगा म्हणतो.

माझ्या एका विद्यार्थिनीने ही निगाच आपला व्यवसाय केला. आर्वीकडच्या गवळाऊ जातीची बैलजोडी तिच्या वडिलांच्या गोठ्यात होती, आणि खरारा करण्याचे पहिले धडे तिने तेथेच घेतले. आज वर्धा शहरात तिचे लहानसे दुकान आहे. पाळीव कुत्र्यांना न्हाऊ घालणे, त्यांचे केस विंचरणे, नखे कापणे, कान स्वच्छ करणे ही कामे तेथे होतात. मोठ्या शहरांतून अशी दुकाने पुष्कळ आहेत. मग याच दुकानाची हकीगत तुम्हांला का सांगावी? कारण ते चालविणारीला जन्मापासून सिकलसेल हा आजार आहे.

मुलांनो, आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल व लवचीक असतात. त्या बारीकशा रक्तवाहिनीतूनही सहज पुढे सरकतात व सुमारे १२० दिवस जगतात. या आजारात त्या विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात आणि १० ते २० दिवसांतच नाश पावतात. म्हणून रक्त कमी पडते व थकवा येतो. त्या वाहिनीत अडकल्या म्हणजे हातापायांत, पाठीत, छातीत असह्य वेदना उठतात. शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली अशा पेशींचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. भारतात हा आजार १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींत आढळला. आपल्या विदर्भातही तो अनेक कुटुंबांत आहे. त्याचे निर्मूलन करण्यासाठी केंद्र सरकारने २०२३ साली राष्ट्रीय मोहीम हाती घेतली. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. तो स्पर्शाने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही. तरीही लहानपणी तिच्या बाकावर बसायला मुले भीत असत. दुखण्यापेक्षा ती रिकामी जागाच तिला अधिक बोचत असे.

या आजाराला थंडी सोसत नाही, अतिश्रम सोसत नाहीत, पाणी कमी पिणे सोसत नाही. आणि तिने पत्करलेले काम तर दिवसभर पाण्यात हात घालण्याचे! “ही नसती उठाठेव कशाला?” असे नातलग म्हणाले. तिने वाद घातला नाही. कामाची शिस्त मात्र घालून घेतली. दिवसाला चारच कुत्री घ्यायची, त्याहून अधिक नाही. पाणी नेहमी कोमट. कुत्र्यालाही तेच मानवते. पायांत रबरी बूट, अंगावर जाड आवरण, आणि कपडे भिजले की तत्काळ बदलायचे. हिवाळ्यात ऊन वर आल्यावाचून दुकान उघडायचे नाही. वैशाखात वर्ध्याचे ऊन भाजून काढते. त्या दिवसांत कुत्र्याच्या भांड्यात पाणी ओतले, की आपणही एक पेला प्यायचा, असा तिचा नेम आहे. औषध रोजच्या रोज. ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

तिचे काम पाहणे हेही एक शिक्षण आहे. ती आधी केस विंचरते, मग पाणी घालते. कारण केसांचा गुंता भिजला म्हणजे अधिक घट्ट होतो. माणसांचा साबण ती वापरीत नाही, कारण कुत्र्याची कातडी निराळी असते. नखाच्या आत रक्ताची शीर असते, म्हणून ती नखाचे केवळ टोक कापते. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत गोचीड शोधते. दाट केसांच्या कुत्र्याला उन्हाळ्यात भादरून टाकण्याचा कोणी आग्रह धरला, तर ती समजावून सांगते की ते केसच त्याला उन्हापासून राखतात.

एकदा मी दुकानात बसलो असता एक गृहस्थ तावातावाने आले. आदल्या दिवशीची वेळ तिने रद्द केली होती. “ठरलेली वेळ पाळता येत नसेल, तर दुकान मांडावे कशाला?” असे ते म्हणाले. ती शांतपणे उत्तरली, “काका, काल माझा हात दुखत होता. तशा हाताने कात्री धरली असती, तर तुमच्या कुत्र्याला इजा झाली असती.” ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. गिऱ्हाईक गेल्याचे तिला वाईट वाटले, परंतु नेम तिने बदलला नाही. आता तिची चुलत बहीण हाताशी असते. एकीला बरे नसले तर दुसरी काम सांभाळते.

मी तिला विचारले, “एवढा संयम तू कोठे शिकलीस?” ती म्हणाली, “सर, कुत्र्याला आपले दुखणे सांगता येत नाही. म्हणून मी त्याच्याकडे नीट पाहायला शिकले. मग स्वतःकडेही तसेच पाहू लागले.”

आजारी माणसाला दया पुरत नाही, त्याला कामही हवे असते, हे आमच्या जिल्ह्याने फार पूर्वी ओळखले होते. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठरुग्णांसाठी कार्य आरंभिले. समाजाने दूर लोटलेली माणसे तेथे शेती करू लागली, सूत कातू लागली. कुष्ठरोग आज औषधांनी पूर्ण बरा होतो. सिकलसेल मात्र बहुतेकांना जन्मभर सांभाळावा लागतो. जे बरे होणार नाही, ते सांभाळून जगण्यालाही मोठे धैर्य लागते. तुमच्या वर्गातही असा एखादा सोबती असेल. तो खेळताना मध्येच थांबला, तर त्याला आळशी म्हणू नका. त्याच्या बाकावरची जागा रिकामी राहू देऊ नका.